सात नंबरचा जावई

हे मी स्वतःहून सांगतोय, कारण मी नाही सांगितलं तर पास्कू सांगेल, आणि पास्कू तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, खारी घ्या. फक्त एक विनंती आहे, मध्ये बोलू नका. कोणी मध्ये बोललं की माझा तोल जातो. मी मात्र दुसऱ्याच्या मध्ये बिनधास्त बोलतो, आणि त्यापायीच माझी काय शोभा झाली ते पुढे कळेलच!

मी इनास, वसईकडच्या नंदाखालचा. केळीची वाडी आहे, थोडे माड आहेत, आणि गावच्या फुटबॉल कमिटीत मी इतकी वर्षं आहे की नव्या पोरांना वाटतं, गोलाच्या खांबांबरोबर मलाही तिथेच पुरलंय. खेळलो म्हणाल तर नावापुरता. पण बघितलं किती! अहो, डोळे भरून बघितलं.

आमच्या गावचा फुटबॉल म्हणजे पळणं. पास देणारा माणूस आमच्याकडे जरा भित्राच समजतात. बॉल मिळाला की मान खाली घालायची आणि समोरच्या गोलापर्यंत सुटायचं, बस्स! रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की आम्ही जुनी मंडळी क्रुसाजवळच्या कठड्यावर बसतो आणि एकेका पळणाऱ्याला आठवतो. बायका घरी जाऊन भात टाकतात, भात शिजतो, निवतो, तरी आमचा एखादा गडी अजून हाफ लाइनवरच असतो.

"धाकटा लोरस," पास्कू सुरू करतो. हा पास्कू माझा लहानपणापासूनचा दोस्त आणि तितकाच जुना वैरी. "लोरस डावीकडून निघाला की रेषेवरचा चुना उडायचा रे!"

"चुना उडायचा, पण बॉल कुठे असायचा?"

"असायचा कुठेतरी! तू पळणं बघ ना!"

मग लांब्या कैतान निघतो. कैतान दोन्ही हात पसरून पळायचा, जवळ जायची कोणाची छाती नव्हती. त्याची एकच पंचाईत. तेव्हाही संघाकडे अकराच शर्ट असायचे आणि आजही तेवढेच असतात. बदली गडी उतरला की बाहेर येणाऱ्याने घामेजलेला शर्ट काढून द्यायचा आणि याने नाक मुरडत तो घालायचा. कैतान बदली म्हणून उतरला की तो शर्ट त्याच्या बेंबीच्या वर राहायचा. ही शर्टाची गोष्ट ध्यानात ठेवा. मला ध्यानात राहिली असती तर आज तुम्हाला सांगायला काही उरलंच नसतं.

आणि शेवटी येतो बस्त्याव. त्याचं नाव निघालं की पास्कूसुद्धा गप्प होतो.

बस्त्याव अनवाणी खेळायचा. नायगावच्या संघाविरुद्धची त्याची ती धाव! आमच्या गोलाजवळ बॉल मिळाला, निघाला. एक गेला, दुसरा गेला, तिसऱ्याने मागून शर्टच धरला. बस्त्याव थांबतो होय? शर्ट टरकला, त्या माणसाच्या हातात राहिला, आणि आमचा बस्त्याव उघड्या अंगाने पुढे! गोल केला, आणि मग एकदम लक्षात आलं, समोर फादर उभे, शेजारी सिस्टर, मागे गावातल्या सगळ्या बायका. पठ्ठ्या तसाच पळत केळीच्या वाडीतून थेट घरी. संघ इकडे खांद्यावर घ्यायला शोधतोय, आणि हा बापाचा लग्नातला कोट चढवून परत येतोय! मी ते बघितलंय हो, या डोळ्यांनी बघितलंय. अजून सांगताना अंगावर काटा येतो.

बस्त्याव अजून आहे आमच्यात. गुडघे गेलेत, पण खुर्ची नेऊन ठेवली की मॅच बघतो. बघतो आणि मान हलवतो. त्याच्यानंतर गावात तसा पळणारा झाला नाही, हे दुःख त्याला आहे, आणि मला त्याच्याहून जास्त.

आता घरचं सांगतो. माझी मुलगी प्रेसी, वसईत एका ऑफिसात नोकरीला. लग्नाचं वय झालं, स्थळं येत होती, आणि मी ती परतवत होतो. कोणाचं घर आवडलं नाही, कोणाचं बोलणं. एका मुलाच्या आईचा फोन आला, बोलता बोलता म्हणाली, पोरगा संध्याकाळी कधी घरात सापडत नाही. मी म्हटलं, झालं! ज्याच्या संध्याकाळचा पत्ता नाही त्याच्या हातात मुलगी कोण देणार? नाही म्हणून मोकळा झालो. फिलू, म्हणजे आमची मंडळी, तेव्हा काही बोलली नाही. ती साठवून ठेवते.

नाताळच्या सुट्टीत गावात स्पर्धा लागली. त्या दिवशी नायगाव आणि आगाशी अशी मॅच होती. घरी पाहुणे आल्याने मी अडकलो, निघेपर्यंत पहिला अर्धा संपला. वाटेत प्रेसी भेटली. ती स्कूटीवरून घरी येत होती, आईला मदत करायला. "नायगाव मागे आहे, पपा," एवढं ओरडून ती पुढे गेली. बघा हं! तिने पहिला अर्धा बघितला, मी दुसरा. एकाच रस्त्यावर आम्ही बापलेक एकमेकांना ओलांडून गेलो, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

मी पोचलो आणि गोलाच्या मागे जागा मिळाली. ऊन डोळ्यांवर, धूळ ही एवढी. आणि तेवढ्यात नायगावच्या सात नंबरला बॉल मिळाला, पार त्यांच्या कोपऱ्यात. तो माझ्यापासून लांब होता, पाठ माझ्याकडे. वळला आणि निघाला.

काय सांगू! पाय जमिनीला लागत होते की नाही देव जाणे. एकाला डावीकडून टाकला, दुसऱ्याच्या दोन पायांमधून बॉल काढला, तिसऱ्याने मागून शर्ट धरला. शर्ट ताणला गेला, फाटला नाही. हल्लीचं कापड ते, फरक काय तो तेवढाच! गोली पुढे आला, त्याला वळसा घातला, आणि बॉल माझ्यासमोरच्या जाळीत. मी चष्मा काढून डोळे पुसत होतो. बस्त्याव! अगदी तोच बस्त्याव! चष्मा परत लावेपर्यंत त्याच्यावर अख्ख्या संघाचा ढीग पडला होता, आणि ढिगातून दिसत होता फक्त पाठीवरचा सात.

रात्री जेवायला बसलो आणि प्रेसी म्हणाली, "पपा, एक सांगायचंय. रागावणार नाही ना?"

"बोल."

"माझ्या ऑफिसात एक मुलगा आहे. जोएल. नायगावचा. आम्ही दोघांनी... म्हणजे तुमचं मत विचारायचं होतं. तो आजच्या मॅचमध्ये होता."

फिलूच्या हातातली पळी तिथेच थांबली. आता कोणताही शहाणा बाप काय विचारेल? पगार किती, घर कुठे, माणसं कशी. मी काय विचारलं? "नंबर कितीचा?"

"सात."

"सात? नायगावचा सात?"

"हो. पण पपा, त्याच्या पळण्यावर जाऊ नका हं, तो..."

"पळण्याबद्दल एक शब्द बोलू नकोस! मी बघितलंय ते."

"बघितलंत?" पोरीचा चेहरा पडला. "आणि तरी तुम्हाला चालेल?"

"चालेल काय, पळेल!"

पुढच्या रविवारी जोएल घरी आला. किडकिडीत, चष्मा लावलेला, बोलणं हळू. मी मनात म्हटलं, खेळताना चष्मा काढत असेल. केक घेऊन आला होता. मी त्याच्या पोटऱ्या बघायचा प्रयत्न करत होतो, पण पँटमुळे काही अंदाज येईना.

"अरे, काय तो गोल!" मी सुरुवात केली. "आणि शर्ट धरला तरी थांबला नाहीस!"

जोएल गोंधळला. "अंकल, तो गोल... खरं तर तो मी..."

"तू नाही, देवाने केला, असंच ना? बस्त्यावही हेच म्हणायचा!"

"तसं नाही अंकल. हाफ टाइमला मी..."

"हाफ टाइमला तुम्ही मागे होतात, ठाऊक आहे मला! म्हणूनच त्या गोलाला किंमत!"

"अहो, त्याला जरा बोलू द्या," फिलू म्हणाली.

"खाऊ दे त्याला आधी," मी म्हणालो, आणि वाडीतल्या केळ्यांची अख्खी फणी त्याच्यापुढे ठेवली. मग मी त्याला लोरस सांगितला, कैतान सांगितला, आणि बस्त्याव तर उभा राहून करून दाखवला. जाताना पोरगा माझ्या पाया पडला. मी फिलूला म्हटलं, "एवढा मोठा खेळाडू आणि गर्व बघ, नावाला नाही!"

जानेवारीत साखरपुडा झाला. लग्न मेमध्ये ठरलं. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

आमच्या स्पर्धेत एक जुनी रीत आहे. गावच्या जावयाला सासुरवाडीकडून खेळता येतं. ईस्टरनंतर आमची मोठी स्पर्धा असते. म्हणजे सात नंबर आमचा! पण पास्कूने कमिटीत टांग अडवली.

"जावई म्हणजे लग्न झालेला जावई," तो म्हणाला.

"साखरपुडा झाला म्हणजे निम्मा जावई झाला की नाही?"

"मग निम्मी मॅच खेळू दे."

दोन बैठका भांडलो. आवाज बसला, पण नियम वाकवला. मग नायगावच्या कप्तानाकडे गेलो, मिठागराकडच्या वस्तीतला उमदा पोरगा. मनात धाकधूक, एवढा मोहरा तो सोडेल का? मी चाचरत विचारलं, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला!

"न्या की काका! कोन नाय बोलतो? आजच न्या. त्याचे बूट पन देतो, पानी मारून धुऊन देतो!"

काय हा मनाचा मोठेपणा! मला भरून आलं. परत येताना मी नायगावच्या लोकांबद्दल इतकी वर्षं जे जे बोललो होतो ते सगळं मनातल्या मनात मागे घेतलं.

तिथून थेट बस्त्यावच्या घरी. तो पडवीत गुडघ्याला तेल चोळत बसला होता. मी म्हटलं, "काका, या वेळी तुमची धाव तुम्हाला परत दाखवतो. माझा शब्द." बस्त्याव आमच्या घरच्या बोलीत बोलतो, तुम्हाला कळेल असं करून सांगतो. तो म्हणाला, "इनास, आता या वयात मला फसवू नको."

"नाही फसवणार, काका!"

आणि आमची फायनल कोणाशी आली? नायगावशीच! बस्त्यावची खुर्ची मी स्वतः रेषेला लागून ठेवली, उजव्या बाजूला, जिथून जोएल पळणार होता. गावभर सांगून ठेवलं होतं. फादर आले, सिस्टर आल्या. लाउडस्पीकर माझ्या हातात. जोएल शर्ट घालून माझ्याकडे धावत आला, घामाघूम झालेला, अजून शिट्टीही व्हायची होती.

"अंकल, प्लीज, एक मिनिट. मला खरंच सांगायचंय..."

"आता तोंडाने नाही, पायांनी बोल!" आणि मी माईक उचलला. "मंडळी, बस्त्यावनंतर या गावाला जो मिळाला नाही, तो आज मिळाला आहे! सात नंबर! आपला जावई!"

टाळ्या! शिट्ट्या! प्रेसीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, लाजली.

थोड्याच वेळात जोएलला बॉल मिळाला. समोर सगळं मैदान मोकळं. तो निघाला.

आता याला धाव म्हणायचं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या पहिल्या मिस्सेला याहून लवकर पोचतात. नायगावचा बॅक त्याच्यामागे पळालाच नाही. शेजारून चालत आला, बॉल काढून घेतला, आणि आमचा जावई त्याला "सॉरी" म्हणाला. त्याला! बॉल नेणाऱ्याला!

मी माईकवर म्हटलं, "ही त्याची चाल आहे, मंडळी. दम राखून ठेवतोय."

"कधीपर्यंत?" कठड्यावरून पास्कू ओरडला.

बस्त्याव माझ्याकडे वळून बघत होता. त्याच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या अर्ध्यातही तेच. जोएल जीव तोडून पळत होता, खोटं नाही बोलणार, तोंड लालबुंद झालं होतं, पण तोवर खेळ पुढे निघून गेलेला असायचा. आणि मग नायगावच्या सात नंबरला बॉल मिळाला.

त्यांचाही सात होताच ना! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो पोरगा त्यांच्या कोपऱ्यातून वळला, आणि मी ते वळणं ओळखलं. एक टाकला. दुसऱ्याच्या पायांतून काढला. मी माझ्या खुर्चीवर चढलो, आणि हातातला माईक चालू आहे हे विसरून बोंबललो, "बस्त्याव! अरे, बस्त्याव धावतोय! पळ रे पळ! थांबू नको!"

अख्ख्या नंदाखालने ऐकलं. आमच्यावर गोल होतोय आणि कमिटीचा माणूस लाउडस्पीकरवरून पळ म्हणतोय!

तो रेषेला लागून उधळला. आमच्या बॅकने त्याला अडवायला अंग टाकलं, तो सुटला, आणि आमचा बॅक घसरत येऊन थेट बस्त्यावच्या खुर्चीवर. खुर्ची कलंडली. सगळ्यांचे डोळे गोलाकडे, माझेसुद्धा. मागून धापा टाकत येत होता एकटा जोएल. त्याने बॉल सोडला, गोल सोडला, आणि म्हाताऱ्याला पडायच्या आत छातीशी धरला.

"काका, लागलं का?"

"बाजूला हो रे, मला बघू दे!" बस्त्याव ओरडला.

आणि जोएलने काय केलं? त्याला धरून तसाच गोलाच्या दिशेने वळवला, आपण खाली बसून, म्हाताऱ्याला पुढचं दिसेल असा. बॉल जाळीत गेला तो बस्त्यावने बघितला. मी शब्द दिला होता ना, तुमची धाव परत दाखवतो म्हणून? दाखवली खरी माझ्या जावयानेच.

मॅच हरलो. मी जोएलला गाठला. "तो कोण?"

"एडविन, अंकल. नाताळच्या मॅचला तो ड्यूटीवरून उशिरा आला. एक गडी कमी पडत होता म्हणून मला उतरवलं. हाफ टाइमला तो आला, मी शर्ट काढून त्याला दिला."

"मग हे तू मला सांगितलं का नाहीस?"

जोएलने प्रेसीकडे बघितलं. प्रेसीने आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं.

"आणि तू?" मी प्रेसीला विचारलं. "तुला तर ठाऊक असेल!"

"त्याने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं, पपा. पण तुम्ही हो म्हणाला होतात. कितीतरी स्थळांनंतर पहिल्यांदा हो म्हणाला होतात! मी कशाला बोलू?"

बस्त्याव जोएलचा हात सोडायला तयार नव्हता. डोळे ओले होते. "माझ्याहून बरा पळतो रे तो नायगावचा," तो म्हणाला. "माझा शर्ट तरी राहिला होता मागे. याचं काहीच राहिलं नाही." मग जोएलच्या पाठीवर थाप मारली. "आणि हा पोरगा चांगला आहे, इनास. घरात ठेव. पण परत पळवू नको."

पास्कू तोवर गावभर पोचला होता.

संध्याकाळी आम्ही घरी निघालो. पुढे मी आणि फिलू, मागे प्रेसी आणि जोएल. हरल्याचं दुःख कधीच पळालं होतं, डोळ्यांपुढे ती धाव होती. मी म्हटलं, "फिलू, काय पोरगा आहे तो एडविन! एवढ्या जवळ, नायगावात, असलं रत्न, आणि आपल्याला इतके दिवस पत्ता नाही!"

फिलू थांबली. तिने साठवून ठेवलेलं बाहेर यायची वेळ झाली होती.

"पत्ता कसा नाही? त्याच्या आईनेच फोन केला होता ना स्थळ घेऊन. संध्याकाळी पोरगा घरात सापडत नाही, एवढंच तुम्ही ऐकलंत. ती बिचारी पुढे सांगत होती की मैदानावर असतो, फुटबॉल खेळतो. तुम्ही मध्येच फोन ठेवलात."

मी रस्त्यातच उभा राहिलो. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून मिटलं.

मागून प्रेसी म्हणाली, "थँक्यू, पपा."